फुगताल गोंपा, झांस्कर: स्वयंपाकघराला पाचपैकी पाच, ट्रॅव्हलवाल्याला दीड

आधी माझी नजर कसली आहे ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना हिशोब लागेल. औरंगाबादला नागसेनवनाच्या अलीकडे माझी खानावळ आहे. बावीस वर्षं झाली. दोन वेळचे मिळून सव्वाशे डबे आणि बसून जेवणारी चाळीस-पन्नास पोरं. त्यामुळे लग्नात जा, दवाखान्यात जा, माझे डोळे आधी चुलीकडं वळतात. भांडी कोण घासतं, पाणी कुठून येतं, उरलेल्या भाताचं काय करतात. मुलगी म्हणते, "मम्मी, तू ताजमहाल बघायला गेलीस तरी शहाजहानचा आचारी कोण होता ते विचारशील." विचारीन की.

अजिंठ्याला मी पंधरा वेळा तरी गेले असेन. पाहुणे आले की आमच्याकडं दोनच ठिकाणं, अजिंठा नाहीतर वेरूळ. दरवेळी गाइडला माझा एकच प्रश्न: एवढे भिक्खू राहायचे, तर रांधायचे कुठं? विहारात कोठड्या आहेत, पोढ्या म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, पण चुलीची जागा कुणी दाखवत नाही. उत्तर ठरलेलं, भिक्षा मागून आणायचे. बरोबर असेल. पण पन्नास माणसांचं दोन वेळचं काय असतं हे मला रोज कळतं, त्यामुळे माझं समाधान काही व्हायचं नाही.

मुलीनं, ती पुण्याला आयटीत आहे, मला मोबाइलवर एक फोटो पाठवला, लडाखातल्या झांस्करमधल्या फुगताल गोंपाचा, म्हणजे बौद्ध मठाचा. उभ्या कड्यात एक मोठी गुहा, आणि भांड्यातून दूध उतू जावं तशा त्या गुहेच्या तोंडातून पांढऱ्या खोल्या खाली ओघळलेल्या. खाली तिनं लिहिलं होतं, "जिवंत लेणं आहे हे. अजून भिक्खू राहतात. चूल पण असेल." बस. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही चौघी निघालो: मी, मुलगी आणि तिच्या ऑफिसातल्या दोघी. खानावळ आठ दिवस बहिणीच्या हवाली. माझं वय तेव्हा बावन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा, आणि डोंगर म्हणजे देवगिरीचा किल्ला नि आमची विद्यापीठामागची लेणी, यापलीकडं अनुभव नाही.

आता ट्रॅव्हलवाला. नाव लिहीत नाही, मुलगी म्हणाली भांडणं वाढतात. मनालीतला होता, फोनवर मधासारखा बोलायचा. त्याच्या कागदावर ठळक अक्षरात होतं, "मॉनेस्ट्री एक्सपिरियन्स विथ स्टे". आम्ही विचारलं, तिथं आधी कळवलंय ना? "मॅडम, अपना रोज का काम है." पहिल्याच दिवशी मनालीहून थेट पुर्नेला, म्हणजे जिथून फुगतालला चालत जातात त्या गावाला, पोचवायचा त्याचा बेत होता. मनाली दोन हजार मीटरवर, वाटेत पाच हजार मीटरच्या वरची शिंकू ला खिंड, आणि मुक्काम चार हजाराच्या जवळपास, सगळं एका दिवसात. मला त्यातलं काय कळतंय, पण इतक्या झपाट्यानं वर गेलं की उंचीचा त्रास होतो हे मुलीनं वाचून ठेवलं होतं. भांडून वाटेतल्या जिस्पाला दोन रात्री काढल्या. त्या जादा रात्रीचे पैसे त्यानं लावले, तेही ठीक. पण त्या दोन रात्री झोपूनसुद्धा खिंडीत मुलीच्या मैत्रिणीला उलट्या झाल्या. थेट गेलो असतो तर काय झालं असतं, विचारच नको. तुमच्या कागदावर पहिल्या दिवशी पुर्ने लिहिलेलं असेल तर तो कागद परत द्या.

स्लीपिंग बॅगा चार दिल्या, त्यातल्या दोघींच्या चेन तुटक्या. मी सेफ्टी पिना लावून झोपले. डॉक्टरचा डबा म्हणून जो दिला त्यात पट्ट्या होत्या आणि खोकल्याचं औषध, तेही मुदत संपलेलं. अर्धा तारा त्याला मी गाडी वेळेवर आली म्हणून देते आणि एक तारा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर लाहौलचा होता, सोन्यासारखा माणूस. खिंडीत दहा मिनिटांच्या वर कुणाला खाली उतरू दिलं नाही, "फोटो जिंदगीभर निकालना, पहले नीचे चलो". खिंडीपलीकडं गोंबो रंगजोन नावाचा एकटा उभा काळा सुळका आहे, तिथले लोक त्याला पवित्र मानतात. तिथं मात्र त्यानं स्वतः गाडी थांबवली आणि हात जोडले.

पुर्नेबद्दल थोडक्यात. कारग्याक आणि त्सारप या दोन नद्या जिथं मिळतात तिथं हे चार घरांचं गाव. आता इथपर्यंत गाडी येते, त्यामुळे पूर्वी आठ-दहा दिवस चालत यायचे ते लोक आता कपडे न मळता उतरतात. आम्हीपण तसेच उतरलो, उगाच नाक वर करत नाही. होमस्टेच्या अंगणात सातूची मळणी चालू होती, जनावरं गोल फिरवून. आमच्याकडं ज्वारीचं खळं असंच असायचं, मी लहान असताना. मी चपला काढून खळ्याच्या कडेला उभी राहिले तशी तिथली म्हातारी हसली, कारण तिथं चपला काढायची काही पद्धत नसावी.

रात्री तिनं स्क्यू वाढलं. कणकेचे अंगठ्यानं दाबलेले छोटे तुकडे, बटाटा, गाजर, मुळा, सगळं एकत्र शिजवलेलं. पहिला घास घेतला आणि मी मुलीला म्हटलं, "अगं, ही वरणफळं आहेत. फक्त वरण विसरलेत." चव सौम्य, मीठ आणि भाजीचा उतार, बाकी काही नाही. थंडीत तेच बरं लागतं. होमस्टेला चार तारे. पाचवा का नाही, तर मी भांडी घासायला उठले तर घासू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुगतालला चालत. तरणी पोरं दोन तासांत पोचतात म्हणे, मला सव्वातीन लागले. वाट त्सारपच्या काठानं जाते, कधी नदीजवळ, कधी पार वर. रुंदी एका खेचराची. खेचर समोरून आलं तर डोंगराच्या अंगाला चिकटून उभं राहायचं, नदीच्या अंगाला नाही. हे आमच्या वाटाड्यानं पहिल्यांदा सांगितलं आणि मग दर खेचराला सांगितलं. पाणी हिरवट निळं, आणि झाड म्हणाल तर औषधाला. ऊन असं की टोपीखाली भाजतं आणि सावलीत गेलं की स्वेटर. एका वळणावर दोन खेचरं भेटली, त्यांच्या पाठीवर आडवे बांधलेले गॅसचे सिलिंडर. माझ्याकडं महिन्याला नऊ-दहा सिलिंडर लागतात, पोरगा सायकलवर आणून दारात ठेवतो, तरी मी वर चढवायचे पैसे द्यायला कुरकुर करते. इथं एकेक सिलिंडर खेचराच्या पाठीवर. थंडीत ही वाट बर्फात गेली की तेवढंही नाही.

वाटाड्या झांस्करचाच, तिशीतला. मुली त्याला आचो म्हणत, म्हणजे दादा. पुलावर पोचलो तेव्हा त्यानं २०१५ चं सांगितलं. ३१ डिसेंबर २०१४ ला वरच्या अंगाला कडा कोसळला आणि नदी अडली. मागं तळं भरत गेलं. सगळा हिवाळा खालची गावं त्या तळ्याकडं बघत बसली. ७ मे २०१५ ला ते फुटलं आणि खोऱ्यातले पूल घेऊन गेलं. त्यानं हे सांगताना आवाज चढवला नाही की हातवारे केले नाहीत. फक्त पुलाच्या दोराला हात लावून म्हणाला, "ये नया है." मी त्या पुलावरून बाबासाहेबांचं नाव घेत गेले, खोटं कशाला बोलू.

आणि मग वळणावर गोंपा. फोटोत बघितलं तसंच आहे, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. जे फोटोत दिसलं नव्हतं ते सांगते. खिडक्यांबाहेर वाळत घातलेले मरून रंगाचे कपडे. पायऱ्यांवर प्लास्टिकच्या चपला, एकीचा अंगठा तारेनं शिवलेला. आणि एका छपरातून निघणारा धूर. मुलगी म्हणाली, "मम्मी, सापडलं." मी तिथंच एका दगडावर बसले. दम लागला होता म्हणून बसले, पण ती अजून सगळ्यांना सांगते की मम्मी धूर बघून रडली.

आम्ही येणार हे गोंपात कुणालाच माहीत नव्हतं. "रोज का काम" म्हणणाऱ्यानं फोनसुद्धा केला नव्हता. पण पाहुणेघर सांभाळणाऱ्या भिक्खूंनी एवढंच विचारलं, "किती जण? जेवणार?" आणि चाव्या आणायला गेले. पाहुणेघर म्हणजे गाद्या, जाड रजया, खिडकीतून नदी, सौरदिव्याचा उजेड. नळाला गरम पाणी, टीव्ही, वायफाय शोधायला कुणी इथं जाऊ नये आणि मिळालं नाही म्हणून तारे कापू नयेत. संडास लडाखी पद्धतीचा, कोरडा. खाली खोल, वर भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. झालं की माती टाकायची. पाणी ओतायचं नाही. मुलीच्या मैत्रिणींना दोन मिनिटं लागली, मला शून्य. वास आमच्या स्टँडवरच्यापेक्षा शंभर पटीनं कमी. थोडक्यात, मिळालं ते बिलापेक्षा जास्त होतं. उलट ट्रॅव्हलवाल्यानं "एक्सपिरियन्स" म्हणून आमच्याकडून जे घेतलं होतं, त्यातलं इथं काही पोचलंच नव्हतं. राहण्या-जेवणाचे पैसे आम्ही पुन्हा आमच्या हातानं दिले. हे लिहून ठेवा: पैसे तिथं जाऊन, तिथल्या माणसाच्या हातात द्यायचे.

थोडं गोंपाचं, कारण विचारणारे विचारतील. लुंगनाक खोऱ्यात, साधारण ३,८५० मीटर उंचीवर आहे. गेलुग परंपरेचा, म्हणजे दलाई लामांची तीच. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, ही परंपरा सुरू करणाऱ्या त्सोंगखापांचे शिष्य शेरप झांगपो यांनी उभा केला, पण या गुहेत ध्यानाला बसणारे त्याच्या फार आधीपासून होते असं तिथले लोक सांगतात. 'फुग' म्हणजे गुहाच. शेरप झांगपो आले तेव्हा आमची औरंगाबादची लेणी खोदून आठ-नऊशे वर्षं होऊन गेली होती आणि त्यांत वटवाघळं राहत होती. मूळ गुहेत एक झरा आहे, पवित्र मानतात. मी बघितल्याबरोबर म्हटलं, ही पोढी. आपल्याकडं लेणं खोदताना पाण्याची सोय आधी बघायचे, इथंही तेच. ज्याला पन्नास माणसं पोसायची त्याला पाण्याचं आधी सुचतं.

एका दगडी पाटीवर हंगेरीच्या एका माणसाची आठवण कोरलेली आहे, चोमा द कोरोश. १८२० च्या दशकात तो इथं येऊन राहिला, तिबेटी भाषा शिकला, आणि १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश कलकत्त्याला छापला गेला. या थंडीत शब्दकोश! मला तिथं रात्री खर्चाचा हिशोब लिहिताना बोटं वळेनात.

आता मुख्य गोष्ट.

स्वयंपाकघरात मी आपणहून गेले नाही, आधी विचारलं. दारातून डोकावून "मदत करू?" असं हातानं विचारलं. आत मधल्या वयाचे एक भिक्खू होते, बाह्या वर केलेल्या, कंबरेला फडकं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "आमा-ले, बैठो." आमा म्हणजे आई, ले लावलं की मान. मी बसले नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. थोड्या वेळानं माझ्यापुढं पिठाची परात सरकवली.

भिंती काळ्या कुळकुळीत, चकाकणाऱ्या, वर्षानुवर्षांच्या धुरानं लाखेचा हात फिरवल्यासारख्या. मधोमध लोखंडी चूल, तिच्या पोटात गोवऱ्या आणि काटक्या. बाजूला गॅसची शेगडी, पण ती कुकरपुरती. का, ते लगेच कळलं. या उंचीवर पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. उकळतंय असं दिसतं, बुडबुडे येतात, पण डाळ दगड ती दगड. कुकर नसता तर राजमा दुसऱ्या दिवशी शिजला असता. मी त्यांना खुणेनं विचारलं, किती शिट्ट्या? त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि मग परत तीन. आमच्याकडं पाचात होतो. गॅस किती जात असेल आणि तो गॅस कसा आलेला असतो हे मी सकाळी बघितलं होतं, म्हणून माझ्या हातून कणभर पीठ सांडलं नाही.

भांडी मोठी, पितळेची आणि अ‍ॅल्युमिनियमची, पण पालथी घालून रांगेत. फडकी दोरीवर, ओल्या-कोरड्याची वेगळी. पाणी पिंपात, झाकलेलं, घ्यायचं भांडं वेगळं आणि त्याचा दांडा बाहेर. उष्टी बादली कोपऱ्यात आणि ती जनावरांसाठी जाते. अन्न व औषधवाले माझ्याकडं तपासणीला येतात तेव्हा जे बघतात ते सगळं इथं होतं आणि तपासायला कुणी येणार नव्हतं.

लोण्याचा चहा तिथंच करताना बघितला. उभट लाकडी नळकांडं, पितळेच्या पट्ट्या मारलेलं, आत दट्ट्या. उकळलेलं चहाचं काळं पाणी, मीठ, लोणी, आणि मग दट्ट्या वरखाली. गुर्र-गुर्र आवाज येतो म्हणून त्याला गुरगुर चहा. पहिल्यांदा चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होणार. मी ते पातळ कढण म्हणून प्यायले आणि दोन वाट्या घेतल्या. थंडीत ओठ फुटत नाहीत त्यानं. भाजलेल्या सातूचं पीठ त्यात कालवून गोळा करून खातात. मला कुणी शिकवावं लागलं नाही, आमच्या आजीनं सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात असंच कालवून खाल्लेलं मी बघितलंय. फक्त इथं गोड नाही, खारट.

माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती आणि येसरचा एक डबा. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी: येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, आमटीला लावतात. स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. थुक्पा, म्हणजे शेवया घातलेलं पातळ सूप, होत आला होता. मी झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, आणि मग पळी पुढं केली. किती, हे मलाच ठरवायचं होतं. लहान भिक्खूही जेवणार म्हणून मी हात आखडता घेतला, दोन चमचे. त्यांनी चव बघितली आणि माझ्या हातातून डबा घेऊन अजून तीन टाकले.

त्या रात्री सगळ्यांनी नाक पुसत थुक्पा खाल्ला. एका आठ-नऊ वर्षांच्या पोरानं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा वाढणाऱ्यानं त्याला काहीतरी म्हटलं आणि सगळी रांग हसली. आमच्या खानावळीत रविवारी मटणाच्या दिवशी हेच चालतं.

जेवणानंतर एक तरुण भिक्खू आमच्याशी बोलत बसले. शिकायला कर्नाटकात मुंडगोडला होते, त्यामुळे हिंदी छान. रेल्वेनं येता-जाता मनमाड स्टेशन त्यांना पाठ. मनमाड म्हणजे आमच्यापासून दोन-तीन तास, मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोणत्या परंपरेच्या? मी म्हटलं, "१४ ऑक्टोबर १९५६ च्या." आणि सांगितलं, माझे आजोबा जालन्याकडून नागपूरला गेले होते त्या दिवशी, फडक्यात भाकरी बांधून. बाबासाहेबांचं नाव त्यांना माहीत होतं, दीक्षाभूमीही. मला वाटलं आता तत्त्वाचं काही विचारतील. त्यांनी विचारलं, "भाकरी कशाची?" ज्वारीची. ज्वारी त्यांना कळेना. मी फोनमधला फोटो दाखवला, कणसाचा. मग त्यांनी विचारलं, किती दिवस टिकते? दोन दिवस, कडक होते पण टिकते. ते म्हणाले, आमची पण.

सकाळच्या पूजेला आम्हाला बसू दिलं. फोन आत काढला नाही. शंख वाजला, मग ढोल, मग तो खालच्या सुरातला पाठ, पोटातून येणारा. शब्द एकही कळत नव्हता. आमची वंदना पालीत, यांचं सगळं तिबेटीत. आणि खरं सांगते, इतक्या मूर्ती, लोण्याचे दिवे, झालरी, रंगीत भिंती, यांची आम्हाला सवय नाही. आमच्या विहारात बुद्ध, बाबासाहेब, पांढरी साडी, संपलं. पहिली दहा मिनिटं मी जरा अवघडून बसले. घरी जाऊन या कर्मकांडाबद्दल नवरा काय म्हणेल हेही मनात आलं. तेवढ्यात मधेच पाठ थांबला आणि दारातून दोन लहान पोरं मोठाल्या किटल्या घेऊन धावत आली. धावतच. प्रत्येकानं अंगावरच्या वस्त्रातून आपापली वाटी काढली, पोरांनी थेंब न सांडता चहा ओतत रांग पुरी केली, कुणी वाटीत सातूचं पीठ टाकलं, आणि पाठ परत सुरू. म्हणजे प्रार्थनेच्या मधेच नाश्ता. माझ्या मनातलं अवघडलेपण तिथं गेलं. वाढपी इतके चपळ मला पगार देऊन मिळत नाहीत.

निघायच्या आधी मी गुहेत झऱ्याजवळ बसून हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटलं. "नमो तस्स" म्हणताना मागं कुणीतरी खुदकन हसलं. तोच कालचा तिसऱ्या वाटीवाला. पण "बुद्धं सरणं" आल्यावर तो गप्प झाला. तेवढे शब्द त्याला ओळखीचे वाटले असावेत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. दिवसात जाऊन-येऊन करू नका. आमच्या समोर एक आठ जणांचा घोळका दुपारी आला, त्यातल्या एकानं परवानगी विचारता विचारताच ड्रोन उडवला, चाळीस मिनिटांत सगळे परत. त्यांनी चूल बघितलीच नाही. एक रात्र तरी राहा, दोन राहिलात तर उत्तम. रोख पैसे मनालीतूनच न्या. वाटेत मणी दगडांची, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची, भिंत आली की ती उजव्या हाताला ठेवून जायचं. खांदे-गुडघे झाकलेले कपडे, डोक्याला लावायची बॅटरी, स्वतःची स्लीपिंग बॅग, आणि तिची चेन घरीच तपासून. प्लास्टिकचा प्रत्येक कागद परत आणायचा, कारण तिथं घंटागाडी येत नाही. द्यायचं असेल तर दानपेटी आहेच, पण काय लागतं ते स्वयंपाकघरात विचारा. आम्ही विचारलं तर उत्तर आलं, जिरं. पुढच्या वेळी पाच किलो नेणार आहे.

गोंपातल्या माणसांना तारे द्यायची माझी पात्रता नाही, स्वयंपाकघराला आहे, पाचपैकी पाच. ट्रॅव्हलवाल्याचं वर लिहिलंच आहे. त्यानं परत आल्यावर मेसेज केला, "मॅम, प्लीज गुड रिव्ह्यू."

येसरचा डबा तिथंच राहिला. पुर्नेला पोचल्यावर लक्षात आलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्या दर आठवड्याला विचारतात.